वाळवंटातले दूध आणि त्यामागचे पाणी

गोव्यातील अनेक घरांतले कोणी ना कोणी आखाती देशांत नोकरीला असते, किंवा एकेकाळी होते. सुट्टीवर आलेल्या अशा माणसाकडे तिकडच्या बाजारहाटाचा विषय काढला, तर एक गोष्ट हमखास निघते. रियाध असो, दुबई असो वा दोहा, दुकानातील शीतकपाट ताज्या दुधाने आणि ‘लबन’ या ताकासारख्या घट्ट पेयाने भरलेले असते. हे दूध परदेशी भुकटी कालवून केलेले नसते. सौदी अरेबियातील बाटलीवर अल मराई किंवा अल साफी असे नाव असले, तर ते दूध बहुधा रियाधच्या आसपासच्या वाळवंटातील गोठ्यातून आदल्या दिवशी निघालेले असते.

हा प्रकार विचार करायला लावणारा आहे. रियाधच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम चार इंच पाऊस पडतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. संपूर्ण देशात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. उलट आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही आपली दुधाची गरज भागवण्यासाठी शेजारच्या राज्यांतील दुधावर अवलंबून राहावे लागते. मग वाळवंटात दुधाचा उद्योग उभा राहिला तो कसा? त्यासाठी कोणत्या अडचणी ओलांडाव्या लागल्या, आणि त्यांची किंमत शेवटी कोणी मोजली? हा प्रवास समजून घेतला, तर दुधाच्या स्वावलंबनाविषयी आपण सहज बोलतो त्यातील काही गृहीतके पुन्हा तपासावी लागतात.

उंटाच्या दुधापासून कारखान्यापर्यंत

अरबस्तानात दूध नवे नाही. बदाऊन टोळ्या शतकानुशतके उंटीण, शेळी आणि मेंढी यांच्या दुधावर जगल्या. उंटीण काटेरी झुडपे खाऊन आणि अनेक दिवस पाण्यावाचून राहून दूध देऊ शकते. ही व्यवस्था वाळवंटाशी जुळणारी होती. पण तिच्यात एक मर्यादा होती. जनावरे चाऱ्यामागे फिरत आणि माणसे जनावरांमागे. अशा फिरत्या कळपातून लाखो लोकवस्तीच्या शहराला रोज पहाटे दूध पुरवणे शक्य नव्हते. तेलाच्या पैशाने शहरे वाढू लागली, तेव्हा त्यांची गरज परदेशी भुकटीने आणि डबाबंद दुधाने भागवली जाऊ लागली.

१९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या आणि सौदी सरकारकडे अफाट पैसा आला. त्याच वेळी एक धास्तीही आली. अरब देशांनी तेल रोखून धरले, तसे उद्या कोणी धान्य रोखून धरले तर काय, हा तो प्रश्न. तेव्हापासून अन्नधान्यात स्वयंपूर्ण होणे हे राष्ट्रीय धोरण बनले. शेतीसाठी बिनव्याजी कर्जे, यंत्रांवर अनुदान, स्वस्त इंधन अशा सवलती मिळू लागल्या. परदेशातून गायी विमानाने आणण्याच्या खर्चालाही सरकारी मदत मिळे.

अल मराई कंपनीची स्थापना १९७७ साली झाली. राजघराण्यातील सुलतान बिन मोहम्मद बिन सौद अल कबीर यांनी आयर्लंडच्या मॅकगकियन बंधूंना सोबत घेऊन ती सुरू केली. पैसा आणि जमीन सौदीची, गायीचे ज्ञान आयर्लंडचे, अशी ही भागीदारी होती. अरबीत ‘अल मराई’ म्हणजे कुरणे. जेथे कुरणच नाही, तेथील कंपनीला हे नाव पडले. याच सुमारास अल साफी हा दुसरा मोठा प्रकल्प उभा राहिला. पुढे जगातील सर्वांत मोठा एकात्मिक दुग्धप्रकल्प म्हणून त्याची नोंद गिनेस बुकात झाली.

या प्रकल्पांसाठी निवडलेले ठिकाण म्हणजे रियाधच्या आग्नेयेस असलेला अल खर्ज हा भाग. तेथे पूर्वापार नैसर्गिक पाण्याचे खोल डोह होते आणि जमिनीखाली पाण्याचे मोठे साठे होते. राजे अब्दुलअझीझ यांच्या काळातच तेथे यांत्रिक पंपांवर सरकारी शेती सुरू झाली होती. डेअरी उद्योगाने त्याच पाण्याचा आधार घेतला.

पहिली वाटचाल मात्र विस्कळीत होती. अल मराईने देशभर लहान लहान गोठे काढले आणि प्रत्येक भागात छोटे प्रक्रिया केंद्र उभारले. प्रत्येक ठिकाणी वेगळे पशुवैद्य, वेगळी प्रयोगशाळा, वेगळी दुरुस्ती यंत्रणा ठेवणे परवडेना आणि दुधाचा दर्जाही सारखा राहीना. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी कंपनीने दिशा बदलली. विखुरलेले दहा गोठे बंद करून अल खर्ज भागात चार प्रचंड गोठे उभारले, आणि पाच लहान प्रक्रिया केंद्रांच्या जागी एकच मध्यवर्ती केंद्र आणले. आज या कंपनीकडील जनावरांची संख्या एक लाखाच्या वर आहे. सुरुवातीच्या गायी परदेशातून आल्या होत्या. आजची गाय मात्र तेथेच जन्मलेल्या कालवडीतून तयार होते.

गायीला ऊन का बाधते

हे गोठे होल्स्टीन गायींचे आहेत. ही मूळची उत्तर युरोपातील थंड, ओलसर हवेची जात. पाच ते पंचवीस अंश तापमानात ती सुखात असते. पारा त्यापुढे गेला, की तिचा त्रास सुरू होतो. याचे कारण बाहेरच्या उन्हाइतकेच तिच्या पोटात आहे. गाय रवंथ करते तेव्हा तिच्या पोटातील मोठ्या कप्प्यात चारा आंबतो आणि त्यातून सतत उष्णता निर्माण होते. जास्त दूध देणारी गाय जास्त खाते, म्हणून तिच्या अंगात उष्णताही जास्त तयार होते. चाळीस लिटर दूध देणाऱ्या गायीला दिवसाला सुमारे २५ किलो कोरडा आहार लागतो. अशी गाय म्हणजे अखंड पेटलेली भट्टीच.

गायीच्या शरीराचे नेहमीचे तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा तापली, की ही आतली उष्णता बाहेर टाकता येत नाही. मग गाय धापा टाकते, उभी राहते, खाणे कमी करते. खाणे कमी म्हणजे दूध कमी. माज नीट दिसत नाही, रेतन केले तरी गर्भ टिकत नाही. भाकड काळात उन्हाने त्रासलेली गाय व्याल्यानंतरही कमी दूध देते आणि तिच्या पोटात वाढलेल्या कालवडीवरही त्याचा परिणाम होतो, असे संशोधनातून दिसून आले आहे. म्हणून वाळवंटातील दुग्धव्यवसायाची पहिली कसोटी गाय गार ठेवण्याची होती.

यावरचा उपाय प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. तो म्हणजे माठ. माठाच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी शून्य अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला जितकी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून अधिक उष्णता तेच पाणी वाफ होताना शोषून घेते. सौदी गोठ्यांत उंच छपराखाली मोठे पंखे लावलेले असतात आणि पंख्यांसमोर पाण्याचे बारीक तुषार सोडले जातात. हवा इतकी कोरडी असते, की तुषार जमिनीवर पडण्याआधीच वाफ होऊन जातात. बाहेर ४५ अंश असताना छपराखालची हवा त्याहून कितीतरी अंशांनी खाली उतरते. वाळवंटातील रात्री तुलनेने गार असतात, त्यामुळे दिवसभर साठलेली उष्णता गायीला रात्री टाकून देता येते.

कोरडेपणाचा आणखी एक फायदा आहे. शेण आणि मूत्र लवकर वाळते. चिखल होत नाही. ओल्या गोठ्यात कासदाहाचा जो त्रास सतत होतो, तो कोरड्या वाळूवर बसणाऱ्या गायीला कमी होतो.

माठाचे उदाहरण आणखी थोडे पुढे नेता येते. बेळगावच्या किंवा सोलापूरच्या उन्हाळ्यात माठातले पाणी जसे गार होते, तसे मे महिन्यात गोव्यात होत नाही. हवेतच बाष्प भरलेले असले, तर माठाच्या अंगावरील पाणी उडणार कोठे? गायीचेही तसेच आहे. तापमान आणि आर्द्रता यांचा मिळून जो निर्देशांक पशुवैद्यकशास्त्रात वापरतात, त्यानुसार कोरड्या हवेतील ४० अंशांपेक्षा ७०-७५ टक्के आर्द्रतेतील ३३ अंश गायीला अधिक त्रासदायक ठरतात. उष्ण आणि कोरडा देश दुधाला प्रतिकूल वाटतो, पण उष्ण आणि दमट देश त्याहून प्रतिकूल असतो. इस्रायलच्या किनारी भागात उन्हाळा दमट असतो. तेथे हवा गार करण्याचा नाद सोडून गायीच्या अंगावरच पाणी शिंपडायचे, नंतर जोराचा वारा सोडून ते वाळवायचे, आणि हे चक्र दिवसातून अनेकदा करायचे, अशी पद्धत रूढ झाली. कोकणपट्टीतील गोठ्यांना घेण्यासारखा धडा असलाच, तर तो हा आहे.

धार काढल्यापासून दुकानापर्यंत

दुसरी कसोटी दुधाची. सडातून निघणारे दूध अडतीस अंशांच्या आसपास असते आणि हे तापमान जिवाणूंना फार मानवते. वाळवंटी उन्हात ते तसेच ठेवले, तर काही तासांत नासेल. म्हणून धार यंत्राने काढली जाते, दूध बंद नळीतून थेट शीतकयंत्रात जाते आणि काही मिनिटांत चार अंशांच्या खाली येते. दिवसातून तीन-चार वेळा धार निघते. उष्णतारोधक टँकर ते प्रक्रिया केंद्रात नेतात. तेथून बाटल्या शीतवाहनांनी दुकानापर्यंत जातात. या साखळीतील एकही कडी उघड्या उन्हात राहत नाही.

ही शीतसाखळी म्हणजेच आधुनिक दुग्धोद्योगाचा कणा. गायी विकत आणता येतात, पण रस्ते, अखंड वीज, शीतवाहने, प्रयोगशाळा आणि दुकानातील शीतकपाटे हे सारे एकत्र असल्याखेरीज ताजे दूध विकता येत नाही. सौदीला हे जमले, कारण वीज आणि डिझेल स्वस्त होते आणि रस्ते नवे होते. या गोठ्यांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या हातांत भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळमधून गेलेले हात बरेच आहेत, हेही विसरता येत नाही.

रोगराईचाही बंदोबस्त करावा लागला. हजारो गायी एका जागी आणि आजूबाजूला फिरते मेंढ्यांचे कळप, अशी परिस्थिती लाळ्या-खुरकताला आमंत्रण देते. त्यामुळे या गोठ्यांत वर्षातून अनेकदा लसीकरण करावे लागते आणि कोणी कोठे जावे-यावे याचे कडक नियम असतात. या साऱ्याचे फळ म्हणजे दुधाचा उतारा. एका दुभत्या गायीमागे दिवसाला सरासरी ४० लिटरच्या आसपास दूध निघते. आपल्याकडे दहा-बारा लिटर देणारी संकरित गाय चांगली समजली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते कळते.

खरा खर्च वैरणीचा

येथवरची कथा तंत्रज्ञानाच्या विजयाची आहे. खरी अडचण गोठ्याच्या बाहेर आहे. गाय पिते ते पाणी, तिच्यावर शिंपडायचे पाणी आणि गोठा धुण्याचे पाणी मिळून एका गायीमागे दिवसाला काही शे लिटर होते. ते मोठे वाटते, पण ती खात असलेल्या वैरणीला लागणाऱ्या पाण्यापुढे ते नगण्य आहे.

जास्त दूध देणाऱ्या गायीला प्रथिनयुक्त चारा लागतो आणि त्यात लसूणघास सर्वांत मोलाचा. हे पीक वर्षभर वाढते, वरचेवर कापता येते आणि पाणीही वर्षभर पिते. वाळवंटात त्याला वर्षाला शेतभर दोन मीटर उंचीचा थर होईल इतके, किंवा त्याहूनही अधिक पाणी द्यावे लागते. एका हेक्टरवर दोन मीटर पाणी म्हणजे दोन कोटी लिटर. हेक्टरी वीस टन वाळलेला चारा निघतो असे धरले, तर एक किलो चाऱ्यामागे हजार लिटर पाणी झाले. गायीने दिवसाला असा बारा किलो चारा खाऊन चाळीस लिटर दूध दिले, तर एका लिटर दुधामागे तीनशे लिटर पाणी नुसत्या लसूणघासाचे. मका आणि पेंड यांचे पाणी वेगळेच. जगभराची सरासरी काढली, तर एका लिटर दुधामागे सुमारे हजार लिटर पाणी लागते असा अंदाज आहे. पण त्यातील बहुतेक पाणी कुरणांवर आणि शेतांवर पडणाऱ्या पावसाचे असते. अल खर्जच्या शेतातील पाणी पावसाचे नव्हते.

विमानातून सौदी वाळवंटाकडे पाहिले, की तपकिरी वाळूवर हिरवी वर्तुळे दिसतात. मध्यभागी विहीर आणि तिच्याभोवती चाकांवर फिरणारी लांबच लांब तुषार नळी, अशी ही सिंचनाची पद्धत. अमेरिकेतील फ्रँक झायबाक या शेतकऱ्याने ती शोधली आणि १९५२ साली तिचे पेटंट मिळवले. या वर्तुळांना मिळणारे पाणी जमिनीखालच्या खडकांत हजारो वर्षांपूर्वी साठलेले. तेव्हा अरबस्तानात पाऊस चांगला पडत असे. आज ते पाणी पुन्हा भरत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला जीवाश्म पाणी म्हणतात, ते योग्यच आहे. तेलासारखे ते एकदाच काढता येते.

ते काढण्याचा वेग मात्र विलक्षण होता. गव्हाला हमीभाव मिळू लागल्यावर सौदी अरेबियाने १९९०च्या दशकाच्या प्रारंभी वर्षाला चाळीस लाख टनांच्या आसपास गहू पिकवला आणि वाळवंटाचा हा देश जगातील प्रमुख गहू निर्यातदारांत गणला जाऊ लागला. देशात वापरल्या जाणाऱ्या पाण्यापैकी चार पंचमांशांहून अधिक शेतीकडे जात होते. परिणाम दिसायला वेळ लागला नाही. अल खर्जच्या दक्षिणेस अल अफलाज भागात लैला गावाजवळ नैसर्गिक तलाव होते. लोक तेथे पोहायला, सहलीला जात. उपशामुळे पाणी खाली गेले आणि १९९०च्या दशकात ते तलाव पूर्ण कोरडे पडले. आता तेथे खोल खड्डे आहेत.

सरकारने २००८ साली निर्णय घेतला, की देशी गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने कमी करून २०१६पर्यंत बंद करायची. पण येथे धोरणाचा एक नमुनेदार घोटाळा झाला. गव्हाचा भाव गेल्यावर अनेक शेतकरी लसूणघासाकडे वळले, कारण गोठ्यांकडून त्याला मागणी होती. गहू थंडीच्या काही महिन्यांचे पीक, लसूणघास बारमाही. म्हणजे पाणी वाचवण्यासाठी गहू बंद केला आणि जास्त पाणी पिणारे पीक वाढले. शेवटी २०१५ अखेर हिरव्या चाऱ्याची लागवडही तीन वर्षांत थांबवण्याचा निर्णय झाला. लहान शेतकऱ्यांना काही सवलत मिळाली, पण मोठ्या डेअरी कंपन्यांना आपली वैरण परदेशातून आणणे भाग पडले.

समुद्रापलीकडची कुरणे

कंपन्यांनी हे आधीच ओळखले होते. अल मराईने अर्जेंटिनात शेतजमीन घेतली. २०१४ साली तिच्या उपकंपनीने अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सुमारे दहा हजार एकर जमीन घेतली आणि पुढे कॅलिफोर्नियातील ब्लाइथ येथेही जमीन घेतली. तेथे लसूणघास पिकवायचा, वाळवायचा, दाबून गठ्ठे करायचे आणि जहाजाने सौदीला न्यायचे, असा हा व्यवहार.

दुधाऐवजी चारा आणण्यात काय शहाणपण, असे वाटेल. हिशेब पाहिला तर उलगडा होतो. दुधात ८७ टक्के पाणी असते. चाळीस लिटर दूध म्हणजे चाळीस किलोहून अधिक वजन, तेही चार अंशांखाली सांभाळायचे आणि काही दिवसांत संपवायचे. त्या दुधासाठी लागणारा कोरडा आहार २५ किलोंचा, आणि तो महिनोन् महिने टिकतो. भुकटी याहूनही हलकी, पण ग्राहकाला ताजे दूध आणि लबन हवे असते. म्हणून गाय घरी आणि कुरण परदेशी, ही विभागणी व्यापारी दृष्टीने बरोबर ठरते.

लंडनचे प्राध्यापक टोनी ॲलन यांनी पश्चिम आशियाचा अभ्यास करताना १९९०च्या दशकात ‘आभासी पाणी’ ही संकल्पना मांडली. धान्य किंवा चारा आयात करणारा देश प्रत्यक्षात ते पिकवायला लागलेले पाणीच आयात करत असतो, हे तिचे सार. ॲरिझोनातून निघालेल्या चाऱ्याच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर तेथील पाणी सौदीला जात होते. आणि ॲरिझोना हेही वाळवंटच. तेथील ग्रामीण भागात भूजल उपशावर जवळपास बंधनच नव्हते. शेजारच्या रहिवाशांच्या विहिरी खाली गेल्या, तेव्हा ओरड सुरू झाली. २०२३ साली राज्याच्या गव्हर्नर केटी हॉब्स यांनी बटलर व्हॅली भागात या कंपनीला दिलेला सरकारी जमिनीचा भाडेपट्टा संपुष्टात आणला, आणि २०२४च्या अखेरीस राज्याच्या महाधिवक्त्यांनी भूजल उपशाबद्दल कंपनीवर खटला भरला. न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट नमूद करायला हवी. त्याच राज्यात अमेरिकी शेतकरीही लसूणघास पिकवतात आणि निर्यात करतात. परदेशी कंपनी नजरेत भरली, दोष मात्र उपशाला मोकळे रान देणाऱ्या कायद्याचाही होता.

चारा महाग झाला, की दूध महाग व्हायला हवे. पण दूध ही घराघरातली वस्तू असल्याने भाव वाढवणे सोपे नसते. २०११ साली अल मराईने दुधाचा भाव वाढवला, तेव्हा ग्राहकांनी बहिष्काराची मोहीम चालवली आणि वाणिज्य मंत्रालयाने वाढ मागे घ्यायला लावली.

विमानाने आलेल्या गायी

या साऱ्या प्रयोगाला एकदा खरी परीक्षा द्यावी लागली, ती शेजारच्या कतारमध्ये. कतारला येणाऱ्या दुधाचा मोठा भाग सौदीतून रस्त्याने येत असे. जून २०१७मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले आणि जमिनीवरची एकमेव सीमा बंद झाली. दुकानांतली दुधाची कपाटे रिकामी झाली. तुर्कस्तानातून विमानाने दूध आणावे लागले. पुढच्याच महिन्यात ‘बलदना’ या कंपनीने बुडापेस्टहून १६५ गायी विमानाने दोह्याला आणल्या. दोह्याच्या उत्तरेस अल खोरजवळ वातानुकूलित गोठे उभे राहिले. वर्षभरात देशाची ताज्या दुधाची गरज भागू लागली आणि पुढे गायींची संख्या वीस हजारांवर गेली.

संकटात सापडलेल्या राष्ट्राने दाखवलेली ही जिद्द कौतुकास्पदच आहे. तथापि, गोठ्यात येणारे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवलेले, आणि वैरण मोठ्या प्रमाणावर जहाजाने आलेली. दूध दारात निघते, पण जहाज थांबले तर गाय उपाशी. पूर्वी सीमा बंद झाली तर दूध बंद होई, आता बंदर बंद झाले तर वैरण बंद होईल. वैरण साठवता येते, म्हणून सवड काही महिन्यांची मिळते. ही सवड मोलाची आहे, पण तिला स्वयंपूर्णता म्हणता येणार नाही.

आपल्याकडचा हिशेब

भारतातही उष्ण आणि कोरड्या मुलखात दुधाचा मोठा उद्योग उभा राहिला आहे. उत्तर गुजरातचा बनासकांठा, आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातील अहिल्यानगर आणि सोलापूर हे जिल्हे पावसाच्या दृष्टीने तुटीचेच. पण तेथील रचना निराळी. एका जागी लाख जनावरे नाहीत. घरटी दोन-चार गायी-म्हशी आहेत आणि गावोगावचे दूध एकत्र करणारी संस्था आहे. आणंदच्या धर्तीवर १९७०पासून दुग्धक्रांतीच्या ‘ऑपरेशन फ्लड’ने ही पद्धत देशभर नेली. या पद्धतीचे सर्वांत मोठे बळ म्हणजे कडबा, भाताचा पेंढा, उसाचे वाढे, सरकीची पेंड. हे सारे माणसाच्या पिकांतून उरलेले. ज्वारीला दिलेल्या पाण्यातच कडबा आलेला असतो, त्याला वेगळे पाणी मोजावे लागत नाही. म्हैस किंवा देशी गाय त्यावर चाळीस लिटर देत नाही, पण उन्हातही तग धरते.

तथापि, यावरून स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. दुधाचा भाव वाढला, संकरित गायी आल्या, तसे आपल्याकडेही बोअरवेलच्या पाण्यावर लसूणघास आणि मका वाढू लागला. उत्तर गुजरातेत भूजल वर्षानुवर्षे खाली जात आहे आणि त्यात चाऱ्याच्या पिकांचा वाटा आहे. अल खर्जला जे पन्नास वर्षांत झाले, ते तेथे संथपणे घडते आहे.

गोव्याचा प्रश्न याच्या उलट बाजूने येतो. पाऊस भरपूर, पण चार महिन्यांचा. नंतर अनेक शेते पडीक राहतात. वैरणीचा मोठा भाग घाटावरून येतो, पशुखाद्य विकतचे, आणि ट्रकचे भाडे वाढले की गोठ्याचा हिशेब कोलमडतो. गायी विकत घ्यायला आणि दुधाला अनुदान मिळते, ते हवेच. पण गाय घरी आली म्हणजे दूध आले, असे होत नाही, हे ज्यांनी गोठे सुरू करून बंद केले त्यांना विचारावे. सौदीला पैसा कमी नव्हता, तंत्र कमी नव्हते; अडले ते वैरणीपाशी. आपल्याकडे पावसाळ्यात माजणारे गवत मुरघास करून उन्हाळ्यासाठी साठवता येते, भात कापल्यानंतर पडून राहणाऱ्या ओलसर शेतात चाऱ्याचे पीक घेता येते. दमट उन्हाळ्यात गायीच्या अंगावर पाणी आणि पंख्याचा वारा यांची जोड देता येते. यात नवे काही नाही आणि विमानाने काही आणावे लागत नाही. फक्त अनुदानाचा विचार करताना गायीच्या आधी तिच्या चाऱ्याचा विचार करावा लागेल.

सौदी अरेबियाने जगाला दाखवून दिले, की पैसा, शीतकरण आणि शिस्त असली तर ४५ अंशांतही गाय दूध देते. लैलाचे कोरडे तलाव दाखवतात, की त्या दुधातले पाणी कोठून तरी आलेले असते. आपल्या राज्यात नव्या गोठ्यांची योजना येईल तेव्हा गायी किती, हा प्रश्न सगळेच विचारतील. वर्षाची वैरण कोणत्या शेतातून आणि कोणत्या पाण्यावर येणार, हे कोणीतरी त्याच बैठकीत विचारले पाहिजे.